सद्गुण सरावाचा: धुळ्याचा तुरुंग आणि ॲक्विनास

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. सोळाव्या अध्यायातल्या दैवी गुणांच्या यादीत विनोबांनी आघाडीला अभय आणि पिछाडीला नम्रता ठेवली.

तेराव्या शतकातला कॅथलिक विचारवंत थॉमस ॲक्विनास मात्र आघाडी विवेकाला देतो. न्याय, धैर्य, संयम त्याच्या मागून. विवेक नसेल तर धैर्य म्हणजे नुसता आडदांडपणा. मला हा क्रम अधिक पटतो, पण तुरुंगात बसलेल्या माणसाने निर्भयता पुढे ठेवावी हेही साहजिकच.

सद्गुण सरावाने अंगी येतो, हे ॲक्विनासने ॲरिस्टॉटलकडून घेतले. सावद्याच्या केळीच्या व्यापाऱ्याने पकडले जाण्याच्या भीतीने एकदा वजन बरोबर केले, तर तो अजून न्यायी नाही. शेतकरी काट्याकडे बघत नसतानाही हात सहज आणि आनंदाने बरोबर तोलू लागला, की तो गुण त्याचा झाला. श्रद्धा, आशा आणि प्रेम हे तीन गुण ॲक्विनास वेगळे काढतो: ते सरावाने मिळत नाहीत, ईश्वराच्या कृपेने मिळतात.