क्रीडांगणाचें बारसें

धर्मशाळेच्या पायरीवर दात्याचें नांव कोरलेलें आपण नेहमींच पाहतों. परंतु मुदतीच्या करारानें नांव विकणें ही निराळी गोष्ट. अमेरिकेंतील विद्यापीठांत तिचें मोठें प्रस्थ आहे.

फ्लॉरिडा अटलांटिक विद्यापीठानें २०११ सालीं बोका रॅटन येथें कर्ज काढून सुमारें तीस हजार प्रेक्षकांचें क्रीडांगण बांधलें. २०१३ च्या फेब्रुवारींत, बारा वर्षांत साठ लक्ष डॉलर घेऊन त्यास ‘जिओ ग्रुप’ या कंपनीचें नांव देण्याचें ठरलें. कंपनीचा धंदा कोणता म्हणाल, तर खासगी तुरुंग चालविण्याचा! तिचे मुख्य जॉर्ज झोली हे याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. तेव्हां हेतु वाईटच होता असें म्हणवत नाहीं. पण ज्याचा बाप किंवा भाऊ त्या भिंतींआड आहे, त्या मुलानें त्याच नांवाखालीं बसून टाळ्या कशा वाजवाव्या?

‘आउल’ म्हणजे घुबड हें तेथील संघाचें चिन्ह. त्याची आल्कट्राझच्या जुन्या तुरुंगाशीं सांगड घालून विद्यार्थ्यांनीं क्रीडांगणाचें ‘आउलकॅट्रॅझ’ असें बारसें केलें आणि अध्यक्षांच्या कचेरींत ठाण मांडलें. १ एप्रिल रोजीं देणगी रद्द झाली. माघार घेतली ती मात्र कंपनीनें. विद्यापीठानें ती नाकारली नव्हती.