जुने इंजिन तेल का गळते?

जुनी टॅक्सी किंवा जीप सकाळी निघून गेली, की तिच्या जागी जमिनीवर काळे डाग राहतात. तुम्हीही ते पाहिले असतील. आमच्या गल्लीतील एक चाचा जुनी टॅक्सी चालवत. तिच्याखाली रोज रात्री दोन-चार थेंब पडत. कोणीतरी त्यांना सांगितले, "महागातले नवे तेल घाला, इंजिन नव्यासारखे होईल." चाचांनी ते घातले. आठ दिवसांत डाग थाळीएवढा झाला! तेल भेसळीचे होते का? नाही, चांगलेच होते. मग असे का झाले?

त्यासाठी इंजिनाच्या आत डोकावू या. इंजिनात धातूचे भाग एकमेकांवर घासत फिरतात. ते झिजू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा थर लागतो. तेल खालच्या चेंबरमध्ये साठते आणि पंप ते वर चढवतो. इंजिनाचे भाग जेथे जुळतात, तेथे बुचाचे किंवा कागदाचे गॅस्केट असते. क्रँक नावाचा फिरता दांडा जेथून बाहेर येतो, तेथे ऑइल सील असते. सील म्हणजे दांड्याला घट्ट बिलगलेले रबराचे कडे. वर्षानुवर्षे उष्णता सोसून हे रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. तेलाला वाट मिळते ती येथेच.

आता तेलाच्या डब्याकडे पाहा. त्यावर '२० डब्ल्यू ४०' असे आकडे असतात. अमेरिकेतील एसएई या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने तेलाची अशी प्रतवारी प्रथम १९११ साली केली. डब्ल्यू हे हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. दुसरा सांगतो, की १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते. आकडा लहान, तर तेल पातळ. चिरलेल्या मडक्यातून पाणी झिरपते, काकवी मात्र अडून राहते. चाचा पूर्वी २० डब्ल्यू ४० वापरत. नवे तेल होते ५ डब्ल्यू ३०.

दुसरे कारण गमतीचे आहे. जुन्या इंजिनात काळा गाळ साचतो. तो सीलच्या चिरांतही बसतो आणि आपोआप बुचाचे काम करतो! नव्या तेलातील मळ काढणारी द्रव्ये हा गाळ धुऊन टाकतात. चीर आधीचीच असते, ती फक्त उघडी पडते. "सिंथेटिक तेल सील खाते," असे काही मिस्त्री अजून म्हणतात. सुरुवातीच्या काही सिंथेटिक तेलांनी रबर आक्रसत असे, हे खरे. आजच्या तेलांत तो दोष काढलेला आहे.

मग खूप दाट तेल घालावे का? तसेही नाही. गाडी सुरू करताना दाट तेल वर पोहोचायला वेळ लागतो, आणि झीज त्याच वेळी जास्त होते. गाडीच्या पुस्तकात चालत असेल, तर एक पायरी दाट तेल घ्यावे. जुन्या इंजिनांसाठी वेगळी तेलेही मिळतात. त्यांतील द्रव्याने कडक रबर थोडे फुगते, मऊ होते. फाटलेली सील मात्र कोणत्याही तेलाने जुळत नाही.

चाचांनी पट्टी काढून पाहिली, तेव्हा तेल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते. तशीच गाडी चालवली असती, तर इंजिन जाम झाले असते. आणि त्यांच्या घराची रोटी त्या इंजिनावरच होती. शिवाय गळके तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडले, तर आग लागण्याची भीती असते.

मिस्त्रीने रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी डाग इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडाखाली दिसला. म्हणजे मागची सील गेली होती. सील तशी स्वस्त, पण ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या मजुरीला घाबरूनच चाचा इतके दिवस टाळत होते. सील बदलली आणि पुन्हा २० डब्ल्यू ४० घातले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर एकच थेंब होता, तोही पुढच्या बाजूला.