साडेपाचचं आमंत्रण

लीड्स : इथे येऊन तीन आठवडे झाले होते. शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून विचारलं, "बुधवारी साडेपाचला टीला याल का, लव्ह?" (या 'लव्ह'नं हुरळून जाऊ नये, इथला बसचालकही तिकीट देताना मला लव्ह म्हणतो.) चहालाच तर जायचं होतं. पण परक्याच्या घरी बिस्किटांवर तुटून पडणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही तिघं बशीभर पोहे खाऊन, डब्यात शंकरपाळे घेऊन गेलो.

आजींच्या टेबलावर काटे-सुऱ्या मांडलेल्या. मधोमध ओव्हनमधून नुकताच काढलेला पाय. वरचा खरपूस पापुद्रा फोडला तसं आतलं चीज, बटाटा आणि कांदा वाफाळत बाहेर आला. आम्ही मांस खात नाही हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. शेजारी उकडलेले मटार, पाव, लोणी. चहाही होता, भल्यामोठ्या मगात, जेवता जेवता प्यायचा. पोह्यांवर तो पाय कसा उतरवला ते आमचं आम्हाला ठाऊक. त्यावर कडी म्हणजे, आजींनी आमचे शंकरपाळे 'पुडिंग' म्हणून वाट्यांत घातले आणि वरून गरम कस्टर्ड ओतलं. वाईट लागत नाही, खरंच सांगते.

यॉर्कशायरमध्ये, आणि एकूणच उत्तर इंग्लंडात, 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. त्यात चहा असायलाच हवा असंही नाही. नुसता प्यायचा असतो तो 'ब्रू'. घरी आलेल्या प्लंबरला टी विचारू नये, ब्रू विचारावा.

एवढं कळल्यावर परतफेडीचं आमंत्रण देताना मी सावध होते. टी हा शब्दच नको म्हणून शाळेत पाठ केलेलं इंग्रजी काढलं : "रविवारी डिनरला या." वेळ सांगायची राहिली. रविवारी साडेबाराला बेल वाजली तेव्हा माझ्या डोक्याला टॉवेल होता आणि तूरडाळ अजून डब्यात. दारात आजी, हातात ट्रायफलचं काचेचं भांडं. इथलं डिनर दुपारचं. शाळेत दुपारी मुलांना वाढणाऱ्या बाईंना तर देशभर 'डिनर लेडी'च म्हणतात. दक्षिणेकडे निघालं की दुपारचं लंच होतं आणि डिनर रात्रीवर सरकतं. तिथल्या सुखवस्तू घरांत रात्रीच्या साध्या जेवणाला 'सपर' म्हणतात; आमच्या आजींचं सपर म्हणजे निजायच्या आधीचा टोस्ट. आपल्याकडे न्याहारी म्हणणारा आणि ब्रेकफास्ट म्हणणारा जसा लगेच ओळखू येतो, तसा इथे माणूस संध्याकाळच्या जेवणाला काय म्हणतो यावरून त्याचं गाव आणि बरेचदा बापाची मिळकतही कळते.

जेवणाला 'टी' म्हणण्याचं मूळ गिरण्यांत आहे. लीड्स हे तेव्हा लोकरीच्या कापडाचं शहर. भोंगा झाल्यावर घरी आलेल्या कामगाराची भूक चहा-बिस्किटांनी भागणारी नव्हती. चहाची किटली आणि पोटभर अन्न एकाच वेळी टेबलावर आलं आणि नाव चहाचं पडलं. यालाच 'हाय टी'ही म्हणत. आपल्या पंचतारांकित हॉटेलांत हाय टी म्हणून तीन मजली तबकात काकडीची नाजूक सँडविचं येतात, ती खरी 'आफ्टरनून टी'. १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसनं ती प्रथा पाडली असं सांगतात. लालबागच्या खाणावळीतल्या ताटाचं नाव उमरावाच्या फराळाला द्यावं, तसला हा प्रकार.

शब्दाची गोष्ट तर थेट मुंबईला येऊन भिडते. चीनच्या फुजियान किनाऱ्यावरचा 'ते' डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेला, त्याचा टी झाला. पोर्तुगीज मकाऊकडचा 'चा' घेऊन निघाले. आपला चहा त्याच घराण्यातला. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन १६६२मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून लंडनला आली आणि दरबारात चहाची टूम निघाली. मुंबई आंदण मिळाली ती याच लग्नात. नवरी 'चा' म्हणणारी. इंग्रजांनी तिची मुंबई घेतली, चहाही उचलला, शब्द मात्र डचांचाच ठेवला.

क्रिकेटपुरता टी सगळीकडे सारखा : इथल्या हेडिंग्ले मैदानावर कसोटीत दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी, २० मिनिटं, बस्स. पण मैदानाबाहेरचं काय? १९९२मध्ये १९ वर्षांचा सचिन तेंडुलकर यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून इथे आला, तेव्हा तोही कुणाकडे टीला आधीच खाऊन गेला असेल का, असा विचार माझ्या मनात हमखास येतो.

आमची मुलगी आता इथल्या शाळेत जाते. परवा दप्तर टाकता टाकता तिनं विचारलं, "आई, टीला काय आहे?" मी म्हटलं, "वरणभात." व्हिडिओ कॉल चालूच होता. सांगलीहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरीला चहात बुडवून वरणभात देतेस की काय?"