तोच प्रश्न, दरवर्षी

मार्च 1982. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात, राइस विद्यापीठात स्टीफन क्लाइनबर्ग समाजशास्त्राच्या मुलांना संशोधनाच्या पद्धती शिकवत होते. नमुना पाहणी फळ्यावर समजावण्याऐवजी त्यांनी मुलांना थेट कामाला जुंपलं. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), तिथल्या लोकांना फोन करून विचारायचं : इथे नोकरीच्या संधी कशा आहेत? उत्तम, चांगल्या, बऱ्या की वाईट?

ह्यूस्टन तेलावर वाढलेलं शहर. तेजी ऐन भरात होती. 76 टक्के लोकांनी उत्तम किंवा चांगल्या असं सांगितलं. दोनच महिन्यांत तेजीचा फुगा फुटला. खरं तर पाहणी एकदाच व्हायची होती. पण क्लाइनबर्ग यांनी पुढच्या वर्षी तोच प्रश्न, त्याच शब्दांत पुन्हा विचारला. 76 चे 41 झाले. 1987 मध्ये उरले 11. त्या पाच वर्षांत तिथल्या दर सात नोकऱ्यांमागे एक गेली होती. घसरण लोकांच्या बोलण्यात वर्षागणिक उमटत होती.

चोवीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात पहिल्या वर्षी चारशेच्या आसपास माणसं विचारली. एवढ्यावर विश्वास कसा ठेवायचा? शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो. पातेलं घरचं असो की लग्नाच्या पंगतीचं, शितं तेवढीच लागतात. मात्र भात वरखाली केलेला हवा. नुसतं वरचं शीत चेपलं तर तळाशी करपलेलं कळत नाही. गणितात या वरखाली करण्याला यादृच्छिक निवड म्हणतात : प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठाऊक असलेली संधी. मग चुकीची मर्यादा ढोबळमानाने 1 भागिले नमुन्याचं वर्गमूळ. चारशे माणसांना 5 टक्के इकडेतिकडे, हजारांना 3 टक्के. 76 वरून 11 वर येणं या मर्यादेच्या कितीतरी बाहेरचं आहे.

निवड चुकली की मोठा आकडाही वाचवत नाही. 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाकडे सुमारे 24 लाख मतपत्रिका परत आल्या होत्या. त्यावरून त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं सांगितलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले. पत्रिका मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्या, त्या काळच्या सुखवस्तू लोकांच्या याद्यांवरून धाडल्या होत्या, म्हणजे वरचीच शितं.

म्हणून फोनवरच्या पाहणीत जो रिसीव्हर उचलेल त्यालाच प्रश्न विचारून चालत नाही. एक रूढ युक्ती अशी : ‘तुमच्या घरातल्या प्रौढांपैकी ज्यांचा वाढदिवस सर्वांत आधी येतो, त्यांना फोन द्याल का?’ मग कामावरून थकून आलेला मुलगा बोलतो, कधी आजी बोलते. एरवी या दोघांचं मत कुणाच्या वहीत आलंच नसतं. या शास्त्राशी आपलंही नातं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या अंदाजासाठी नमुना पाहण्या उभ्या केल्या आणि त्यावर जगभर वापरला गेलेला ग्रंथ लिहिला.

हॅरिस काउंटीची पाहणी क्लाइनबर्ग यांनी पुढे चार दशकं नेली. त्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक मोकळा प्रश्न : आज इथली सर्वांत मोठी अडचण कोणती? पर्याय द्यायचे नाहीत, लोक सांगतील ते लिहून घ्यायचं. मंदीत लोक पैशाचं बोलत होते. 1995 मध्ये 70 टक्के लोकांच्या तोंडी गुन्हेगारी होती. पुढे कित्येक वर्षं वाहतुकीची कोंडी पुढे आली. म्हणजे हाताला काम मिळालं म्हणून जगणं सुखाचं झालं, असं लोक मानत नाहीत. दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यात हे सापडत नाही. ते विचारावंच लागतं.

आणि विचारण्याची शिस्त पाळावी लागते. आधी चोऱ्यांबद्दल विचारून मग ‘इथे राहणं कसं वाटतं?’ म्हटलं, तर उत्तरावर चोऱ्यांची सावली पडते. शब्द बदलला, क्रम बदलला की मागच्या वर्षाशी तुलना संपली.

संख्याशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना म्हणूनच विनंती आहे. आपला तालुका घ्या. मतदारयादीतून चारशे नावं चिठ्ठ्या टाकून काढा, मुलांना वही देऊन त्या घरी पाठवा. रोजगार, पाणी, दवाखाना, रस्ता, असे दहाच प्रश्न पुरेत. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा चिठ्ठ्या टाका, पण प्रश्नांतला एक शब्दही बदलू नका.