मेसन म्हणजे गवंडी

न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या भाचीला सातवा महिना लागला आहे. परवा फोनवर म्हणाली, “खाला, मुलगा झाला तर मेसन ठेवू का? मोठीच्या वर्गात मेसन, कार्टर, पार्कर, टायलर आहेत. शाळेत हाक मारताना कुणी अडखळत नाही.”

आम्ही अर्थ विचारला. तो तिला ठाऊक नव्हता.

ही मुळात इंग्लंडमधली आडनावे. १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि पुढच्या दोन-तीन शतकांत तिथे आडनावे रुळली. एका गावात दहा जॉन असले की कोणता जॉन हे धंद्यावरून सांगत. टेलर म्हणजे शिंपी, कार्टर गाडीवान, टायलर कौले बसवणारा, कूपर लाकडी पिंपे करणारा, फ्लेचर बाण करणारा, पार्कर शिकारीचे राखीव रान सांभाळणारा. आपल्यातले अत्तार, तांबोळी, मणियार, शिकलगार असेच तर आले.

पण आडनावाचे नाव झाले ते बड्या घरांत. पर्सी, सिडनी, हॉवर्ड ही खानदानी आडनावे मुलांना नावे म्हणून मिळू लागली. आईचे माहेरचे आडनाव थोरल्या मुलाला देण्याचीही रीत होती. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीतला डार्सी आठवा: त्याचे नाव फिट्झविल्यम, आणि तेच त्याच्या आईचे माहेर. लग्नानंतर बाईचे आडनाव पुसले जाई, ते असे लेकात उरे. (शरीयतने आपल्या बायकांना निकाहनंतर बापाचे नाव सोडायला कधीच सांगितले नाही. कागदोपत्री आपण काय करतो, ते वेगळे.)

मुलींच्या नावांची गंमत आणखी निराळी. १९८४ च्या ‘स्प्लॅश’ या अमेरिकन चित्रपटात एक जलपरी न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूची पाटी पाहून स्वतःला मॅडिसन म्हणवून घेते. हे काही नाव नव्हे, असे तिचा सोबती म्हणतो. विनोदच तो. पण २००१ साली अमेरिकेत जन्मलेल्या मुलींच्या नावांत मॅडिसन दुसऱ्या क्रमांकावर होते! त्यातल्या ‘सन’चा अर्थ मुलगा, हे किती आईबापांच्या ध्यानात आले असेल?

हे सगळे भाचीला सांगितले. मग विचारले, “मेसन म्हणजे गवंडी. मुलाचे नाव गवंडी ठेवशील?”

ती हसली. मग गप्प झाली. आमचे अब्बा, म्हणजे तिचे नाना, जन्मभर गवंडीकाम करत होते. कोल्हापुरातली ज्या घरात ती जन्मली त्या घराची भिंत त्यांच्याच हातची.

“खाला,” ती म्हणाली, “नानांचे पूर्ण नाव काय होते?”