दुसरा बाण : वेदनेचे भय आणि त्याचा निरोध

संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात 'सल्लसुत्त' आहे. शरीरास दुःखद वेदना झाली की अशिक्षित मनुष्य शोकाकुल होतो. एका बाणाने विद्ध झालेल्यास लगेच दुसरा बाण लागावा तसा. आर्यश्रावकास मात्र शारीरिक वेदना तेवढीच होते. हा दुसरा बाण कसा घडतो, याचा उलगडा आज मेंदूविज्ञानही करीत आहे.

शिरवळजवळच्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. समजा, तेथून उतरताना एका उपासिकेच्या कंबरेत चमक भरली. मेंदूतील अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या केंद्राच्या योगे उतार आणि वेदना यांची सांगड बसते. पुढे दुखापत बरी होते. पण उतार दिसताच छाती धडधडते, अंग आखडते. ती डोंगर टाळते, मग वाकणेही टाळते. टाळल्यामुळे भय खोटे ठरण्याची संधीच उरत नाही; स्नायू दुबळे होतात, वेदना बळावते. व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली या दुष्टचक्राची सविस्तर मांडणी केली.

शिकलेले भय ओसरू शकते. परंतु ते पुसले जात नाही. संकेतामागून अपेक्षित गोष्ट वारंवार आली नाही, तर प्रतिसाद मावळतो, आणि काही काळाने पुन्हा डोके वर काढतो, हे पावलोव्ह यांनी १९२७ च्या ग्रंथात नोंदविले. म्हणजे येथे जुने मिटत नाही, नवे शिकले जाते. मेंदूचा पुढचा भाग अमिग्डलेस आवर घालतो. म्हणून त्या उपासिकेने आज दहा पायऱ्या, उद्या वीस उतराव्यात; 'चमक भरेल' ही अपेक्षा आणि घडलेला अनुभव प्रत्येक वेळी ताडून पाहावा. भय परतले तरी तो पराभव नव्हे.

याच संयुत्तातील 'सीवकसुत्त' येथे महत्त्वाचे आहे. सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात, हे मत भगवान बुद्धांनी मोळिय सीवकापुढे नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतू, आघात अशी आठ कारणे सांगितली. कर्मविपाक हे त्यांतील केवळ एक. तेव्हा पीडितास 'हे गतजन्मीचे भोग' म्हणणे, किंवा 'हे मनाचे खेळ' म्हणून झिडकारणे, दोन्ही अन्यायाचेच. पहिला बाण आधी वैद्याने तपासावा. ओझ्याने पाठ मोडत असेल तर ओझे कमी करावे. त्यानंतर दुसरा बाण. तो शिकलेला आहे, म्हणूनच अभ्यासाने त्याची धार बोथट करता येते, असे आम्हांस वाटते.