पेशींना वाट दाखवणारी प्रथिने
लेखांक ६

बोटात काटा रुतला की काही तासांत ती जागा लाल होते, ठणकते. रक्तातून वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशी नेमक्या तिथेच बाहेर पडतात. त्यांना पत्ता कोण सांगतं? मागच्या आठवड्यात आपण सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप धाडण्याची प्रथिने, पाहिली. त्यांच्यातल्याच एका घराण्याकडे हे काम आहे, ते म्हणजे केमोकाइन. माणसात अशी सुमारे ५० प्रथिने आहेत. बहुतेक ७० ते १०० अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांमध्ये अगदीच लहानखुरी.

हंगामात माधवनगरहून सांगलीच्या मार्केट यार्डाकडे निघालात तर हळदीचा वास ज्या बाजूला वाढतो तिकडे यार्ड आहे, हे डोळे मिटूनही कळेल. पण हळदीने भरलेल्या गोदामात उभे राहा. सगळीकडे सारखाच वास, मग जायचं कुठे? पेशीचंही तसंच होतं. केमोकाइन नुसतं असून भागत नाही, ते एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी असावं लागतं.

पेशींची ही ओढ तपासण्याची युक्ती स्टीफन बॉयडन यांनी १९६२ साली काढली. मध्ये सच्छिद्र पडदा, खाली केमोकाइन, वर पेशी. खाली किती उतरल्या ते मोजायचं. केमोकाइनचं प्रमाण वाढवत नेलं की उतरणाऱ्या पेशी आधी वाढतात आणि मग चक्क कमी होतात. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, प्रयोग फसला. पण केमोकाइन फार झालं की पेशीचं त्या हळदीच्या गोदामातल्यासारखं होतं. खरं तर आलेख असा चढून उतरला, तरच प्रयोगावर विश्वास ठेवावा.

शरीरात केमोकाइन इतकं थोडं असतं की रक्तातून काढून प्रयोग करणं परवडत नाही. म्हणून माणसाचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून ते बनवून घेतात. जिवाणू भराभर बनवतो, पण बऱ्याचदा चुकीच्या घड्या पडलेले गोळे करून ठेवतो. ते विरघळवून, गंधकाचे बंध योग्य जोड्यांत जुळतील अशा बेताने पुन्हा घडी घालावी लागते. त्याहून मोठी डोकेदुखी एंडोटॉक्सिनची. जिवाणूच्या आवरणातला हा पदार्थ लेशमात्र उरला तरी मॅक्रोफेज पेशी खवळतात, आणि त्याचं श्रेय बिचाऱ्या केमोकाइनला जातं. अशा फसव्या निष्कर्षांपासून चांगल्या प्रयोगशाळाही सुटलेल्या नाहीत.

या रेणूंकडे जगाचं लक्ष वळलं ते एचआयव्हीमुळे. १९९२ साली पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. त्याच वर्षी इकडे सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम सुरू केलं. तेव्हा विषाणू पेशीत शिरतो कसा, हे अर्धंच माहीत होतं. पेशीवरचा सीडी४ हा रेणू सापडला होता, पण तो एकटा पुरत नव्हता. १९९५ च्या डिसेंबरात रॉबर्ट गॅलो, पाओलो लुसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रँटेस हे केमोकाइन आणि त्याची दोन भावंडं एचआयव्हीला रोखतात. पुढच्याच वर्षी कारण कळलं. पेशीवरच्या ज्या सीसीआर५ या रिसेप्टरवर (ग्राहक रेणूवर) ही केमोकाइन बसतात, त्यालाच धरून विषाणू आत शिरतो. भारतात आढळणारा विषाणू मुख्यतः सी उपप्रकाराचा, आणि तोही बहुतांशी सीसीआर५ चाच वापर करतो. म्हणजे हा शोध आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णांच्याही कामाचा होता. सीसीआर५ अडवणाऱ्या मॅराविरॉक या गोळीला अमेरिकेत २००७ साली मान्यता मिळाली.

मला यात सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र जिवाणूच्या एका खोडीची आहे. जिवाणू प्रत्येक प्रथिनाची सुरुवात मेथिओनिनने करतो. रँटेस बनवताना ते पुढचं मेथिओनिन तसंच राहून गेलं. ६८ अमिनो आम्लांच्या साखळीत एकच जादा! जिनिव्हातल्या अमांडा प्राउडफूट आणि सहकाऱ्यांना १९९६ मध्ये दिसलं की हे रँटेस रिसेप्टरवर घट्ट बसतं, पण पेशीला हलवत नाही; उलट खऱ्या रँटेसची वाट अडवतं. बोलावणाराच अडवणारा झाला. पुढे उंदरांमधल्या दाहावर हेच प्रथिन मुद्दाम वापरून पाहिलं गेलं.

सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांतून जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगणं : पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या (एनसीसीएस) पेशीसंग्रहातून मागवता येतील, केमोकाइनची कुपीही विकत मिळेल. पण कुपीची किंमत बघण्याआधी सोबतचा कागद वाचा. साखळीचं पहिलं अमिनो आम्ल कोणतं आणि एंडोटॉक्सिन किती, हे दोन्ही त्यावर नसेल तर ती कुपी घेऊ नका.